मजुरांची संघटना आणि मतदाराची पारख

लोकसत्ताक राज्यांत सामान्य माणसाच्या हातीं दोन साधनें असतात. एक मताचें आणि दुसरें संघटनेचें. पहिलें तो पांच वर्षांतून एखाद-दोन वेळां वापरतो. दुसरें त्याला रोज वापरतां येतें. तरीहि सुशिक्षित कुटुंबांत या दोन साधनांविषयीं जो भाव आढळतो तो मोठा विषम असतो. मतदानास जाणें हें कर्तव्य समजलें जातें. बोटावरची शाई चार लोकांना दाखविण्यांत भूषण वाटतें. परंतु मजूर-संघाचें नांव निघालें कीं, त्याच घरांत कपाळाला आठी पडते. संघ म्हणजे संप, संप म्हणजे खोळंबा आणि पुढारी म्हणजे दांडगा माणूस, असें समीकरण बसून गेलें आहे. या भाषणाचा विषय हा कीं, हीं दोन साधनें परस्परांपासून निराळीं नाहींत. संघटना कशी उभी राहते, कशामुळें टिकते आणि कशामुळें मोडते हें ज्याला कळलें, त्याला निवडणुकीला उभा राहिलेला उमेदवार कसा पारखावा हेंहि बऱ्याच अंशीं कळतें.

संघटनेची गरज कोठून उत्पन्न होते हें पाहावयाचें असेल तर फार दूर जावयास नको. भाईंदर स्टेशनाच्या पश्चिमेस उतरून उत्तनकडे जाणारा रस्ता धरला म्हणजे मुर्धे, राई, मोर्वे, डोंगरी अशीं जुनीं गांवें एकामागून एक लागतात. राई गांवाच्या सभोंवतीं खाजणें आणि मिठागरें. आणि मिठागरांवर ज्यांचा पिढ्यान् पिढ्या संसार चालला ते आगरी लोक. आगरावरून आगरी हें नांवच त्या धंद्याची साक्ष देतें. आज या पट्ट्यांत इमारतींची गर्दी झाली आहे आणि मिठाचा धंदा मागें पडला आहे. परंतु त्या धंद्याची रीत समजून घेतली म्हणजे मजुरीचें सारें अर्थशास्त्र समजतें.

पावसाळा संपला कीं आगराची बांधबंदिस्ती सुरू होते. उधाणाच्या भरतीचें पाणी आंत घ्यावयाचें. तें एका तळ्यांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत सोडीत उन्हानें आटवावयाचें. आणि शेवटच्या उथळ वाफ्यांत धरलेलें मीठ फळीनें ओढून बांधावर आणावयाचें. ऊन जितकें कडक तितकें पीक चांगलें. म्हणजे ज्या वेळीं इतर माणसें सावली शोधतात त्या वेळीं या मजुराचें काम भर रंगांत असतें. पायाखालीं खारें पाणी, डोळ्यांपुढें पांढरी चकाकी आणि डोक्यावर मिठाची टोपली. पहिला पाऊस पडला कीं काम संपलें. आतां मालकाची बाजू पाहावी. मिठाचा ढीग गवतानें शाकारून ठेवला म्हणजे पावसाळाभर राहतो. भाव चढला कीं विकतां येतो. मजुराचा दिवस मात्र शाकारून ठेवतां येत नाहीं. आज काम केलें नाहीं तर आजची मजुरी गेली ती कायमची गेली. मालक थांबूं शकतो, मजूर थांबूं शकत नाहीं. करारावर अंगठा उठतो तेव्हां दोघांची खुशी असते असें कायदा मानतो. परंतु एकाची खुशी पोटानें भरलेली असते आणि दुसऱ्याची भुकेनें. मजूर-संघ म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून, एकट्याला जें थांबणें परवडत नाहीं तें शंभरांनीं मिळून परवडवून घेण्याची युक्ति होय.

ही युक्ति मुंबई इलाख्यांत ज्यांनीं प्रथम चालविली ते नारायण मेघाजी लोखंडे याच ठाणें जिल्ह्यांतले. त्यांचा जन्म १८४८ सालीं ठाण्यास झाला. रेल्वेंत आणि टपाल खात्यांत नोकरी करून पुढें ते एका कापडगिरणींत भांडारपाल झाले. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक चळवळींतील ते कार्यकर्ते, आणि ‘दीनबंधु’ पत्राचे चालक. सप्टेंबर १८८४ मध्यें त्यांनीं परळ येथें गिरणी-कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपांच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्या अर्जांतील मागण्या आज वाचल्या म्हणजे त्या किती साध्या होत्या याचें आश्चर्य वाटतें. आठवड्यांतून रविवारची एक सुटी, दुपारीं अर्धा तास विसांवा, महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत, आणि कामावर अपघात झाल्यास कांहीं भरपाई. या साध्या मागण्यांपैकीं पहिली मान्य होण्यास सहा वर्षें लागलीं. एप्रिल १८९० मध्यें महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली; तींत दोन कामकरी स्त्रियांनींहि भाषणें केलीं. त्यानंतर १० जून १८९० रोजीं गिरणी-मालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली.

आज जें कुटुंब रविवारीं सकाळीं निवांतपणें वर्तमानपत्र उलगडून बसतें आणि संपवाल्यांना नांवें ठेवतें, त्यानें एवढें लक्षांत ठेवावें कीं, गिरणगांवांत तो रविवार कोणाच्या कृपेनें आला नाहीं. तो मागावा लागला. परंतु लोखंड्यांच्या मंडळांत एक मोठी उणीव होती, तीहि सांगितली पाहिजे. त्या मंडळाला वर्गणी नव्हती, सभासदांची नोंदवही नव्हती, नियम नव्हते. सारें एका थोर माणसाच्या तळमळीवर चाललें होतें. १८९७ च्या फेब्रुवारींत प्लेगनें लोखंडे गेले आणि मंडळ निस्तेज झालें. एका माणसावर उभी असलेली संस्था त्या माणसाबरोबर जाते, हा पहिला धडा.

दुसरा धडा वीस-पंचवीस वर्षांनीं मिळाला. मद्रासच्या एका गिरणीच्या संपांत, कामगारांना संघटित केलें म्हणून, वाडिया प्रभृति पुढाऱ्यांवर मालकांनीं फिर्याद केली आणि १९२० सालीं हायकोर्टानें मनाईहुकूम दिला. म्हणजे मजुरांनीं एकत्र येणें हेंच नुकसानभरपाईला पात्र ठरूं लागलें. त्याच वर्षीं ३१ ऑक्टोबर रोजीं मुंबईस लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखालीं अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचें पहिलें अधिवेशन भरलें. तिच्या उभारणींत ज्यांचा मोठा वांटा होता त्या नारायण मल्हार जोशी यांनीं मध्यवर्ती कायदेमंडळांत संघांना कायद्याचें संरक्षण मिळावें म्हणून ठराव मांडला, आणि अखेर १९२६ चा ट्रेड युनियन कायदा झाला. जोशी हे कोंकणांतले, भारत-सेवक समाजाचे. ते कायदेमंडळांत मतदारांनीं निवडलेले नव्हते, मजुरांच्या वतीनें सरकारनें नेमलेले होते. तरी त्यांच्या शब्दाला वजन होतें, कारण प्रत्येक शब्दामागें आंकडा असे, आणि आंकड्यामागें चाळींतून फिरून केलेली पाहणी असे.

१९२६ च्या कायद्यांतील दोन तरतुदींकडे मतदारानें विशेष लक्ष द्यावें. पहिली अशी कीं, नोंदलेल्या संघानें हिशेब तपासून घेऊन दरसाल सरकारकडे पाठविला पाहिजे. दुसरी अशी कीं, राजकारणासाठीं संघाला निधि जमवावयाचा असेल तर तो निराळा ठेवला पाहिजे आणि त्यांत पैसे देण्याची सक्ति कोणाहि सभासदावर करतां येणार नाहीं. मजूर हा संघाचा सभासद असला तरी त्याचें मत संघाच्या पेटींत जमा झालेलें नाहीं, हें कायद्यानेंच ओळखलें होतें. पुढाऱ्यांनीं मात्र तें पुष्कळदां ओळखलें नाहीं.

संख्येचा मोह किती फसवा असतो हें दोनच वर्षांनीं दिसलें. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्यांत सुमारे दीड लाख कामगारांचा संप चालला. त्या झगड्यांतून गिरणी कामगार युनियन पुढें आली आणि तिची सभासद-संख्या पन्नास हजारांच्या वर गेली. गिरणी-गिरणींतून कमिट्या निघाल्या. खात्याखात्यांतील तक्रार वर पोंचविण्याची ही रीत नवी आणि चांगली होती. परंतु १९२९ च्या मार्चमध्यें मीरत खटल्यासाठीं पुढाऱ्यांना अटक झाली, त्या वर्षींचा दुसरा संप फसला आणि फुगलेली संख्या ओसरली. पुरानें आलेलें पाणी पुराबरोबर जातें. विहिरीचें पाणी झऱ्याचें असतें म्हणून राहतें. संघाचा झरा म्हणजे दरमहाची लहानशी वर्गणी आणि दरमहाची लहानशी सभा.

संघटना ही केवळ गिरणींतील वस्तु आहे असा एक समज आहे. तो खोटा ठरविणारा प्रसंग राईच्या लोकांच्याच भाऊबंदांत, खाडीपलीकडे, कुलाबा जिल्ह्यांत घडला. अलिबाग तालुक्यांतील चरी आणि आसपासच्या गांवांतील कुळांनीं, जीं बहुतांशीं आगरी होतीं, १९३३ सालीं खोतांची जमीन कसण्याचें नाकारलें. नारायण नागू पाटील हे त्यांचे पुढारी. हा शेतकऱ्यांचा संप थोडाथोडका नव्हे, सुमारे सहा वर्षें चालला. कुळांनीं जंगलांतून लांकडें आणून विकलीं, मासळी धरली, रानांतील पाला खाल्ला, पण खोताच्या शेतांत नांगर घातला नाहीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं त्यांची बाजू घेतली. १९३६ सालीं त्यांनीं स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ च्या निवडणुकीनंतर मुंबईच्या विधिमंडळांत खोती रद्द करण्याचें विधेयक मांडलें. तें त्या वेळीं संमत झालें नाहीं; परंतु १९३९ च्या कूळकायद्यानें कुळांना कांहीं संरक्षण मिळालें, आणि पुढें १९४९ च्या कायद्यानें खोतीच गेली. येथें मताचें आणि संघटनेचें साधन एकत्र चाललेलें दिसतें. शेतांत नांगर न घालणारा हात नसता तर विधिमंडळांतील विधेयकाला वजन आलें नसतें. आणि विधिमंडळांत माणूस नसता तर शेतांतील उपासमार कायद्यापर्यंत पोंचली नसती.

त्याच सुमारास याची दुसरी बाजूहि दिसली. १९३५ च्या कायद्याप्रमाणें मुंबईच्या विधानसभेंत १७५ जागा होत्या, त्यांपैकीं ७ मजुरांसाठीं राखलेल्या होत्या. काँग्रेसचें मंत्रिमंडळ आलें; मजुरांनींहि मोठ्या आशेनें त्याचें स्वागत केलें होतें. परंतु त्याच मंत्रिमंडळानें १९३८ सालीं औद्योगिक तंट्यांचें विधेयक आणलें, आणि त्यांत तडजोडीची ठराविक पायरी ओलांडल्याखेरीज केलेला संप बेकायदा ठरविला. आंबेडकरांचें म्हणणें असें कीं, संप हा करारभंग असेल, गुन्हा नव्हे. कोणालाहि त्याच्या इच्छेविरुद्ध काम करावयास लावणें म्हणजे गुलामगिरी. ७ नोव्हेंबर १९३८ रोजीं या विधेयकाविरुद्ध मुंबईंत एक दिवसाचा संप झाला आणि एरवीं एकमेकांचें तोंड न पाहणारे पक्ष एका व्यासपीठावर आले. विधेयक संमत झालें तें झालेंच. मंत्र्यांची बाजू अगदींच पोकळ होती असें नव्हे; वारंवारच्या संपांनीं उद्योग बुडेल, ही भीति प्रामाणिक होती. परंतु मतदारानें यांतून घेण्यासारखी गोष्ट ही कीं, उमेदवार निवडणुकीच्या सभेंत काय बोलला यापेक्षां सभागृहांत प्रश्न पुकारला गेला तेव्हां त्याचा हात कोणत्या बाजूला वर झाला, हें महत्त्वाचें असतें. सभेंतील भाषण हजारों लोक ऐकतात; सभागृहांतील हात फारच थोडे पाहतात.

स्वातंत्र्यानंतर प्रौढ मताधिकार आला आणि मजूर हा राखीव सात जागांचा मतदार न राहतां सर्वसाधारण मतदार झाला. तेव्हांपासूनची मुंबईची कथा मोठी बोधप्रद आहे. १९६७ च्या लोकसभा निवडणुकींत दक्षिण मुंबईंत केंद्रीय मंत्री स. का. पाटील उभे होते. शहराच्या राजकारणावर त्यांची पकड अशी कीं, ते पडतील असें कोणास वाटत नव्हतें. त्यांना पाडलें तें टॅक्सीवाले आणि महापालिकेचे कामगार यांच्या संघांतून पुढें आलेल्या जॉर्ज फर्नांडिस यांनीं. संघाचा पुढारी निवडणूक जिंकतो, असें यावरून कोणी अनुमान काढील तर तीनच वर्षांनीं त्याचें उत्तर मिळालें. जून १९७० मध्यें गिरणगांवांतील कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. लाल बावट्याचा तो बालेकिल्ला. पोटनिवडणुकीस त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या. आणि निवडून आले शिवसेनेचे वामनराव महाडिक. संघाची वर्गणी लाल बावट्याला देणाऱ्या वस्तींतूनच ही मतें दुसरीकडे गेलीं.

याचा अर्थ काय? मजूर अज्ञानी, मजूर कृतघ्न, असा अर्थ काढणें सोपें आहे. पण तो चुकीचा आहे. माणूस कारखान्यांत आठ तास मजूर असतो. उरलेल्या सोळा तासांत तो मराठी असतो, कोणत्या तरी जातीचा असतो, चाळींतील भाडेकरू असतो, नोकरीच्या शोधांत असलेल्या मुलाचा बाप असतो. संघानें त्याच्या आठ तासांची चिंता वाहिली. उरलेल्या सोळा तासांची चिंता ज्यानें वाहिली, निदान वाहतो असें भासविलें, त्याला त्यानें मत दिलें. मतपेटींत सारा माणूस उतरतो. ज्या संघाला एवढें उमजलें नाहीं त्यानें मतदाराला दोष देऊं नये.

आणखी कांहीं वर्षांनीं लंबक उलट बाजूला गेला. १८ जानेवारी १९८२ पासून डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगाराची मागणी होतीच. परंतु तिच्याखालीं एक खोल सल होता. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणें ज्या एका संघाला प्रातिनिधिक म्हणून मान्यता मिळाली त्यानेंच मालकांशीं बोलावयाचें, असा नियम होता. आपला प्रतिनिधि कोण हें गुप्त मतदानानें ठरविण्याची सोय कामगाराला नव्हती. ज्याला देशाचा पंतप्रधान कोणत्या पक्षाचा असावा हें ठरविण्याचा हक्क होता, त्याला गिरणीच्या दारांत आपल्या वतीनें कोणी बोलावें हें ठरविण्याचा हक्क नव्हता. म्हणून १९८४ च्या अखेरीस, इंदिरा गांधींच्या हत्येनंतर सर्वत्र काँग्रेसची लाट उसळली असतां, गिरणगांवानें दत्ता सामंतांना लोकसभेंत पाठविलें. गिरणीच्या दारांत जें मत देतां आलें नव्हतें तें त्यानें लोकसभेच्या पेटींत टाकलें. परंतु खासदार मिळाला म्हणून गिरण्या सुरू झाल्या नाहींत. संप रीतसर कधीं मागें घेतला गेला नाहीं. तो विरून गेला, आणि हजारों संसार त्याबरोबर विसकटले. सामंतांचें धैर्य कोणी नाकारीत नाहीं. परंतु कोठें थांबावें हें ठरविणारी दुसरी फळी त्यांच्या मागें उभी नव्हती. लोखंड्यांच्या वेळचाच धडा फार मोठी किंमत देऊन पुन्हां शिकावा लागला.

या अपयशाशेजारीं एक यश ठेवून पाहावें. मुंबईच्या गोद्यांत आणि बाजारांत पाठीवर ओझीं वाहणाऱ्या माणसाला कोणी एक मालक नसतो. सकाळीं एका व्यापाऱ्याचें पोतें, दुपारीं दुसऱ्याचें. अशांचा संघ होणेंच अशक्य, असें शहाणे लोक म्हणत. अण्णासाहेब पाटील यांनीं तो बांधला, आणि त्या रेट्यानें १९६९ सालीं महाराष्ट्राचा माथाडी कायदा झाला. हमाल आणि व्यापारी या दोघांचीं नांवें मंडळाकडे नोंदवावयाचीं. व्यापाऱ्यानें मजुरी आणि तिजवरील आकार मंडळाकडे भरावयाचा. आणि मंडळानें हमालाला मजुरी, भविष्यनिर्वाह निधि, रजा, औषधपाणी द्यावयाचें, अशी ही योजना. ज्याला मालक नव्हता त्याला कायद्यानें जणूं मालक मिळवून दिला. या मंडळांच्या नांवावर पुढें कोठें कोठें खंडणी उकळणारे उपटले, हेंहि खरें; पण चोर शिरला म्हणून घर पाडावयाचें नसतें. पुढारी गेला तरी कायदा राहिला, हें येथें महत्त्वाचें. संपाची घोषणा हवेंत विरते. कलम पुस्तकांत राहतें.

संघांवर घेतले जाणारे आक्षेप सारेच खोटे आहेत असें मानण्याचें कारण नाहीं. एका कारखान्यांत चार संघ आणि चौघांचे चार झेंडे, असें पुष्कळदां दिसतें. ज्यांची नोकरी कायम आहे त्यांनीं स्वतःचें साधून घ्यावें आणि शेजारीं कंत्राटावर राबणाऱ्याकडे पाहूं नये, हाहि दोष आहे. स्त्रिया सभेला बोलावल्या जातात, कार्यकारी मंडळांत मात्र क्वचित् दिसतात. परंतु हे दोष संघटना जास्त झाल्यामुळें आलेले नाहींत. ती अर्धवट झाल्यामुळें आलेले आहेत. भाईंदरच्या पूर्वेस लहान लहान गाळ्यांतून स्टीलचीं भांडीं बनतात. दहा माणसांच्या अशा गाळ्यांत संघ काढावयाचा तो कसा? २००१ च्या दुरुस्तीनें संघाच्या नोंदणीला शेंकडा दहा किंवा शंभर कामगारांची अट आली, आणि सात ही किमान संख्या राहिली. दहांतले सात जण एकत्र आले तर मालक दुसरे सात आणतो. २०२० सालीं संसदेनें औद्योगिक संबंधांची नवी संहिता संमत केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलांत आली. तिच्याप्रमाणें एकाहून अधिक संघ असतील तेथें ज्याच्याकडे शेंकडा एकावन्न कामगार असतील तो वाटाघाटी करणारा संघ. आणि संपाला चौदा दिवसांची पूर्वसूचना. हे नियम मोठ्या कारखान्यांत शिस्त आणतील कीं लहान कारखान्यांतील तोंड बंद करतील, हें ज्याला ठरवावयाचें आहे त्यानें मत मागावयास आलेल्या उमेदवारालाच त्याविषयीं विचारावें. तो निरुत्तर झाला तर तेंहि एक उत्तरच होय.

आतां मतदाराच्या पारखेकडे वळूं. सामान्यतः मतदार चार गोष्टी पाहतो: उमेदवार आपला आहे काय, तो निवडून येण्यासारखा आहे काय, तो अडीअडचणीला धांवतो काय, आणि तो बोलतो कसा. यांत चूक असें नाहीं, पण हें अपुरें आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ सालच्या निर्णयांनीं उमेदवारावरील फौजदारी खटले, त्याची मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण हीं प्रतिज्ञापत्रानें जाहीर करणें आवश्यक झालें. २०१३ सालीं कोणीच पसंत नसेल तर तसें नोंदविण्याची सोयहि मिळाली. परंतु प्रतिज्ञापत्रावरून उमेदवार काय जमवून बसला आहे तें कळतें. तो कोणासाठीं काय करील तें कळत नाहीं. तेथें चांगल्या मजूर-संघाची कसोटी उपयोगी पडते.

चांगला संघ आपल्या पुढाऱ्याला पांच प्रश्न विचारतो. पहिला, हिशेब कोठें आहे? ज्यानें देवळाच्या, पतपेढीच्या, क्रीडामंडळाच्या वर्गणीचा जमाखर्च कधीं फलकावर लावला नाहीं, तो सार्वजनिक पैशाचा हिशेब देईल ही आशा व्यर्थ. दुसरा, करार लेखी आहे काय? मजूर ‘पगार वाढवूं’ या शब्दावर उठत नाहीं. किती, केव्हांपासून, कोणाला, हें कागदावर मागतो. मतदारानेंहि वचन याच मापानें मोजावें. ज्या वचनाला रक्कम नाहीं, तारीख नाहीं आणि पैसा कोठून येणार तें सांगितलेलें नाहीं, तें वचन नव्हे, आशीर्वाद होय. तिसरा, पडत्या काळांत हा कोठें होता? हंगामांत सारेच आगरावर येतात. पावसाळ्यांत बांध फुटतो तेव्हां कोण येतो तें पाहावें. चौथा, यानें कोणा बलवानाला कधीं नकार दिला आहे काय? दुबळ्यावर आवाज चढविणें हें धैर्य नव्हे. आणि पांचवा, याच्या मागें दुसरी फळी आहे काय? ज्याच्याभोंवतीं केवळ हांजी हांजी करणारे आहेत, त्याच्या हातीं संस्था दिली तर ती त्याच्याबरोबर बुडते. या पांच प्रश्नांना जात लागत नाहीं, झेंडा लागत नाहीं आणि पुस्तकी विद्याहि लागत नाहीं.

राई आणि तिच्या शेजारच्या गांवांना संघटनेचा अनुभव अलीकडे पुन्हां आला. मेट्रोची कारशेड राई, मुर्धे, मोर्वे या भागांत होणार असें ठरलें होतें. घरें आणि शेतजमिनी जातील या धास्तीनें गांवकरी एकत्र आले, त्यांनीं विरोध केला, आणि पुढें ती जागा डोंगरीकडे हलविण्यांत आली. गांव वांचलें. परंतु डोंगरीच्या टेकडीवरील झाडांचा प्रश्न लगेच उभा राहिला. एका गांवची सुटका शेजारच्या गांवची काळजी झाली. एका खात्याच्या कामगारांची बढती दुसऱ्या खात्याच्या माथीं बसते, हा कारखान्यांतला जुनाच अनुभव आहे. येथें संघटनेची खरी परीक्षा लागते. स्वतःपुरतें एकत्र येणें ही तिची पहिली इयत्ता. शेजाऱ्याचा विचार करून एकत्र येणें ही वरची इयत्ता.

मीरा-भाईंदर महानगरपालिका २००२ सालीं स्थापन झाली. ऑगस्ट २०१७ मध्यें निवडलेल्या सभागृहाची मुदत २०२२ सालीं संपली, आणि त्यानंतर बराच काळ निवडणूक न होतां कारभार प्रशासकाच्या हातीं राहिला. मत देण्याची वेळच येत नाहीं तेव्हां नागरिकानें काय करावें? त्या काळांत नळाचें पाणी, सांडपाणी, सफाई-कामगाराचा पगार या गोष्टी थांबत नाहींत. अशा वेळीं ज्या वस्तींत रहिवाशांचें, भाडेकरूंचें, मासेमारांचें, मजुरांचें कांहींतरी मंडळ जिवंत असतें तिचें म्हणणें कचेरींत पोंचतें. जेथें तें नसतें तेथें माणूस एकटा खिडकीसमोर उभा राहतो. मताचें साधन काढून ठेवलेलें असतां संघटनेचें साधन किती मोलाचें असतें हें तेव्हां उमगतें.

सुशिक्षित कुटुंबानें या विषयाकडे परक्याच्या दृष्टीनें पाहण्याचें कारण नाहीं. बँकेंतला कारकून, शाळेंतला शिक्षक, विमा-कचेरींतील अधिकारी यांचे पगार, रजा, निवृत्तिवेतन हीं संघटनांनींच मिळविलेलीं आहेत. आणि तेंच कुटुंब दुसऱ्या बाजूनें मालकहि आहे. घरीं भांडीं घासावयास येणारी बाई, इमारतीच्या दारावरचा पहारेकरी, पिशवी घेऊन जिने चढणारा मुलगा, हे त्याचे मजूर. त्या बाईनें महिन्यांतून चार सुट्या मागितल्या तर घरांत काय बोललें जातें? लोखंड्यांच्या अर्जांतील पहिली मागणी तीच होती. १८८४ सालीं गिरणीमालक जें म्हणाले असतील तेंच वाक्य आज स्वयंपाकघरांतून ऐकूं येत असेल, तर त्या घरानें व्यासपीठावरील उमेदवाराला न्यायाविषयीं प्रश्न विचारण्यापूर्वीं स्वतःचें उत्तर तयार ठेवावें.

श्रोतेहो, मतदान हें पांच वर्षांच्या वागणुकीवर उठविलेलें शिक्कामोर्तब असतें. तें एका दिवसाचें शहाणपण नव्हे. जो चार माणसांत बसून वर्गणी देतो, हिशेब मागतो, आपल्याला न पटलेला बहुमताचा निर्णयहि पाळतो आणि पुढच्या सभेंत पुन्हां आपलें म्हणणें मांडतो, तो मतदान-केंद्रांत सहसा फसत नाहीं. ही शिकवण शाळेच्या पुस्तकांतून थोडी मिळते, पण कामाच्या जागीं, शेजाऱ्यांसमवेत, लहानशा संघाच्या लहानशा सभेंत पुष्कळ मिळते. जे लोक अशा सभांचे दरवाजे बंद करूं पाहतात, ते मजुराचेंच नुकसान करीत नाहींत. चांगला मतदार ज्या शाळेंत तयार होतो ती शाळाच ते बंद करीत असतात.